आधीं पान कीं आधीं भूक?

समुद्रापासून शेंकडों कोस आंत वसलेल्या आमच्या नागपुरांत गलबतांच्या गोष्टी निघाव्या हें थोडें नवलाचेंच. पण अलीकडे त्या निघतात खऱ्या. २०१८ च्या ऑक्टोबरांत मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' नांवाची विहारनौका सुरू झाली. ती पुढें बंद पडली, तरी २०२१ च्या सप्टेंबरापासून 'कॉर्डेलिया'चें 'एम्प्रेस' हें मोठें जहाज मुंबईहून गोवा व लक्षद्वीप या बाजूंस फेऱ्या करूं लागलें. आणि सुटींत कोठें जावें याची जी चर्चा पूर्वीं पचमढी व चिखलदरा येथेंच संपत असे, तींत समुद्राचीहि भर पडली.

एकत्र कुटुंब अशा सफरीस निघालें म्हणजे तिकिटें, सामान, औषधें यांची तजवीज बिनबोभाट होते. मग मात्र एक प्रश्न असा निघतो कीं, घरांत त्यावरून सरळ दोन तट पडतात. जहाजावरील रात्रीच्या जेवणाच्या जागा घरीं बसूनच ठरवून टाकाव्या, कीं तेथें गेल्यावर ज्या दिवशीं जशी इच्छा होईल तसें जेवावें? प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण ज्या घरांत आजीपासून नातवापर्यंत दहा-बारा पानें रोज मांडलीं जातात, तेथें जेवणाचा कोणताहि प्रश्न किरकोळ नसतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या प्रश्नाचा विचार करावयास नागपुरांत एखादी योग्य जागा असेल तर ती जरीपटका होय, असें आम्हांस वाटतें. तेथील अनेक घराण्यांच्या कथेंत एक समुद्रप्रवास आहे. आणि तेथील स्वयंपाकांत आधीं करून ठेवण्याची व वेळेवर वाढण्याची अशा दोन्ही रीती शेजारीं शेजारीं नांदतात. मात्र तिकडे वळण्यापूर्वीं जहाजावरील भोजनाची व्यवस्था कशी असते तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

जुन्या जहाजांवरील पद्धत आपल्या पंगतीसारखीच होती. मुख्य भोजनगृहांत रात्रीं दोन पंगती बसत. एक लौकरची, दुसरी उशिराची. प्रत्येक कुटुंबास टेबल नेमून दिलेलें, वाढपीहि नेमलेला. सफर संपेपर्यंत त्यांत बदल नाहीं. १९०५ सालीं 'अमेरिका' नांवाच्या जर्मन आगबोटीवर, इच्छेस येईल तो पदार्थ वेगळे पैसे देऊन मागवावा, असें स्वतंत्र उपाहारगृह निघालें. पण तें श्रीमंतांपुरतें होतें. पुढें २००० सालीं नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीनें नेमलेली वेळ व नेमलेलें टेबल हीं दोन्ही काढून टाकलीं आणि 'फ्रीस्टाइल' या नांवानें मोकळीक जाहीर केली. इतर कंपन्यांनींहि कमीअधिक प्रमाणांत तोच मार्ग धरला.

गंमत अशी कीं, आरक्षणाचा आजचा घोळ या मोकळिकींतूनच उत्पन्न झाला. सर्वांस एकच जागा व ठराविक वेळ होती, तेव्हां ठरविण्यासारखें फारसें कांहीं नव्हतेंच. आतां मोठ्या जहाजावर एक मुख्य भोजनगृह असतें, आपल्या हातानें वाढून घेण्याची बुफेची सोय असते, आणि त्याखेरीज वेगळा आकार घेणारीं लहान उपाहारगृहें असतात. या लहान गृहांत टेबलें मोजकीं. म्हणून धोरणी प्रवासी तेथील जागा निघण्यापूर्वींच अडवून ठेवतात, आणि जे ठेवीत नाहींत त्यांना रात्रीं साडेनवाची वेळ तरी मिळते किंवा दारावरून परत फिरावें लागतें.

घरांतील धोरणी पक्ष म्हणतो, "रेल्वेचें तिकीट आपण साठ दिवस आधीं काढतों, मग जेवणाचेंच काय वांकडें?" मोकळा पक्ष म्हणतो, "वर्षभर घड्याळाच्या कांट्यावर जेवतों. चार दिवस समुद्रावर गेलों तर तेथेंहि मंगळवारीं रात्रीं आठ वाजतां आपणांस कशाची भूक लागेल हें महिनाभर आधीं कसें सांगावें?" दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

आतां जरीपटक्याकडे वळूं. २०२२ च्या डिसेंबरांत मेट्रोची कस्तुरचंद पार्कापासून उत्तरेकडील वाट खुली झाली, तेव्हांपासून तिकडे जाणें फार सुलभ झालें आहे. सीताबर्डीस गाडींत बसावें, गड्डीगोदाम व कडबी चौक मागें टाकावे आणि इंदोरा चौकास उतरावें. तेथून जरीपटका जवळच. जरीपटका हें मराठी राज्याच्या जरीच्या निशाणाचें नांव. तें ऐकून कोणी तेथें भोंसल्यांच्या पागा किंवा जुने वाडे शोधूं लागेल तर त्याची निराशा होईल. बाजारांत शिरतांच कानावर पडते ती सिंधी. दुकानांत पापडांच्या चवडी लागलेल्या, भाजीवाल्याच्या टोपलींत शेवग्याच्या शेंगांशेजारीं कमळाचे देंठ, आणि झूलेलालाच्या तसबिरी.

ही वस्ती वाढली ती १९४७ च्या फाळणीनंतर. सिंध प्रांत सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला; पंजाबप्रमाणें त्याचे दोन भाग झाले नाहींत. १९४८ च्या ६ जानेवारीस कराचींत दंगल झाली आणि तेथील हिंदूंचा धीर सुटला. पंजाबांतील निर्वासित बहुतांशीं आगगाडीनें, मोटारीनें किंवा पायीं आले. सिंधमधील हजारों कुटुंबांनीं मात्र कराचीच्या धक्क्यावरून आगबोटी धरल्या आणि तीं मुंबईस किंवा काठेवाडच्या बंदरांत उतरलीं. कित्येक कल्याणजवळच्या छावणींत राहिलीं. तीच पुढें उल्हासनगर झाली. कित्येक रेल्वेनें देशाच्या पोटांत शिरलीं, आणि त्यांपैकीं कांहीं त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानींत, म्हणजे नागपुरांत, जरीपटका व खामला या भागांत स्थिरावलीं. त्या प्रवासांत रात्रीच्या जेवणाची वेळ कोणी नेमून दिली नव्हती, टेबल तर नव्हतेंच. घरून बांधून आणलेली शिदोरी पुरली तोंवर पुरली. पुढें छावणींत हातीं थाळी घेऊन रांगेंत उभें राहावें लागलें. आपण ज्यास हौसेनें 'वेळेवर काय मिळेल तें' म्हणतों, तें ज्यांनीं निरुपायानें सोसलें, त्यांच्या वस्तींत जेवणाविषयीं कांहीं शिकावयास मिळालें तर नवल नाहीं.

जरीपटक्याचें सकाळचें खाणें म्हणजे दाल-पकवान. पकवान म्हणजे मैद्याची, टोंचे मारून खरपूस तळलेली कडक पुरी. आणि दाल म्हणजे मऊ शिजविलेली पण दाणा न मोडलेली हरभऱ्याची डाळ, वर आंबटगोड चटणी व चिरलेला कांदा. आम्ही एका रविवारीं घरचीं अकरा माणसें घेऊन तेथें गेलों. दुकान लहान, अकरा जणांस एके ठिकाणीं बसावयास जागा कोठून असणार? आम्हीं दोन-दोन, तीन-तीन अशा तुकड्या केल्या. आमच्या थोरल्या काकू चातुर्मासांत कांदा-लसूण खात नाहींत, आणि दिवस श्रावणाचे होते. त्यांनीं हळूच विचारलें, तेव्हां दुकानदार म्हणाला, "माताजी, डाळींत कांदा नाहीं, तो वरून पडतो. मात्र ताट भरण्याच्या आधीं सांगा. भरल्यावर मी तो वेंचून काढूं शकणार नाहीं." त्यानें स्वतःचें स्टूल काकूंस दिलें आणि पहिलें ताट त्यांनाच दिलें.

खातां खातां आमच्या ध्यानांत आलें कीं, या ताटांतील अर्धा भाग आधीं झालेला आहे व अर्धा आत्तां. पकवान आदल्या दिवशींहि तळून ठेवतां येतें; डब्यांत चार दिवस तें कुरकुरीत राहतें. डाळ मात्र सकाळचीच हवी, आणि ती पकवानावर घालावयाची तीहि खाण्याच्या क्षणीं; आधीं घातली तर पकवानाचा लगदा होतो. म्हणून बेत करणें चांगलें कीं वाईट, हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. टिकणारें कोणतें आणि न टिकणारें कोणतें, एवढेंच पाहिलें जातें.

सिंधी कुटुंबांचा एक सण याच विचारावर उभा आहे. रक्षाबंधनानंतर सातव्या दिवशीं, म्हणजे आपल्या श्रावण वद्य सप्तमीस, थदडी येते. त्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं. आदल्या दिवशींच गोड लोले वगैरे करून ठेवावयाचे व सप्तमीस सर्वांनीं तें थंड अन्न खावयाचें. बेत इतका पक्का कीं त्यांत फेरफार करण्याची सोयच नाहीं. पण त्यामुळें त्या दिवशीं घरांतील स्त्रियांस दिवसभर चुलीपाशीं जावें लागत नाहीं. याच घरांची दुसरी रीत पाहावी. वेळीं-अवेळीं कोणी दारीं आला तर प्रथम त्याच्यापुढें पापड व पाणी येतें. पापड उन्हाळ्यांतच करून ठेवलेला असतो, म्हणूनच न सांगतां आलेल्या माणसाचें स्वागत क्षणांत होतें. अकस्मात् आलेल्यासाठीं हात मोकळा राहतो तो आधीं केलेल्या तयारीमुळें, ही गोष्ट मोकळ्या पक्षानें अवश्य ध्यानांत घ्यावी.

आपल्या ब्राह्मणी घरांतहि या दोन्ही रीती जुन्याच आहेत. श्राद्धाच्या ब्राह्मणांस आदल्या दिवशीं आमंत्रण जातें. लग्नाची अक्षत पंधरा दिवस आधीं दिली जाते. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तेव्हां सोमवार कोणाकडे व गुरुवार कोणाकडे हें वर्षाचें ठरलेलें असे. त्या मुलाच्या दृष्टीनें तो ठराव म्हणजे शिक्षण चालू राहण्याची हमीच होती. उलट 'अतिथी' या शब्दाचा अर्थच परंपरेनें असा सांगितला आहे कीं, ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाहीं तो. आमंत्रित व अतिथी या दोघांसहि एकाच घरांत पान मिळे. मात्र अतिथीचें पान आयत्या वेळीं कोण वाढी, आणि तें वाढल्यावर कोणाच्या वाट्यास पिठलें-भात उरे, हें आपण सोयीस्करपणें विसरतों.

आमच्या मतें खरी अडचण येथेंच आहे. मोकळेपणाची किंमत कोणीतरी देत असतें, आणि एकत्र कुटुंबांत ती बहुधा एकाच बाजूनें दिली जाते. पुरुषमंडळी डेकवर उभीं राहून "पाहूं, भूक लागली कीं ठरवूं" असें म्हणतात. तोंपर्यंत मुलें रडकुंडीस आलेलीं असतात, मधुमेहाचें इंजेक्शन घेणाऱ्या आजोबांची वेळ टळत असते, आणि घरांतील सून या भोजनगृहांतून त्या भोजनगृहांत कशांत अंडें आहे व कशांत नाहीं हें विचारीत फिरत असते. मग तिची सुटी ती काय झाली? जरीपटक्याहून परततांना जहाजाचा विषय निघाला, तेव्हां आमच्या काकू म्हणाल्या, "मला काय वाढतात त्याचें फारसें नाहीं. गेल्या चाळीस वर्षांत मी पहिल्या पंगतीस बसलें तें फक्त दुसऱ्यांच्या लग्नांत आणि इस्पितळांत. तेथें मला कोणी ठरलेल्या वेळीं 'बसा' म्हणेल, तेवढें पुरे." या बोलण्यावर मोकळ्या पक्षास उत्तर सुचलें नाहीं.

परंतु धोरणी पक्षानेंहि यावरून विजय मानूं नये. सर्वच रात्री आधीं बांधून टाकल्या तर सफरीची कचेरी होते. सूर्यास्त पाहत सर्व जण डेकवर रमलेले असतां "चला, सातचें टेबल जाईल" म्हणून त्यांस उठवून नेणें, हें दाल आधींच पकवानावर ओतण्यासारखें आहे. शिवाय आधीं अडविलेल्या जागेचे पैसे भरलेले असतात, म्हणून भूक नसतांहि तेथें जाऊन बसण्याचा मोह होतो. आणि अजीर्णाच्या तक्रारी परत आल्यावर वैद्यांकडे जातात.

तेव्हां काय करावें? जरीपटक्याच्या ताटावरून आम्हांस जो विभाग सुचला तो असा. जें टिकतें तें घरूनच ठरवावें. पथ्य टिकतें, म्हणून शाकाहार, जैन पद्धतीचें अन्न, कांदा-लसूण वर्ज्य, मधुमेह यांविषयीं तिकीट काढतांनाच लेखी कळवावें. जहाजाचें स्वयंपाकघर बंदरांत सामान भरून निघतें. समुद्रावर गेल्यावर त्यास बाजार नाहीं. १८८८ च्या ४ सप्टेंबरास मोहनदास गांधी मुंबईहून 'क्लाइड' बोटीनें विलायतेस निघाले, तेव्हां कोणता पदार्थ निर्मांस आहे हें विचारण्याचा धीर न झाल्यानें ते भोजनगृहांत गेलेच नाहींत. घरून नेलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनीं मुख्यतः खोलींतच भागविलें, असें त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. आज तसा संकोच करण्याचें कारण नाहीं, पण जरीपटक्याच्या दुकानदाराचा नियम तेव्हांहि खरा होता व आजहि आहे: ताट भरण्यापूर्वीं सांगावें.

वृद्धांची व मुलांची वेळहि टिकणारी आहे. मुख्य भोजनगृहांत दोन पंगती असतील तर त्यांच्यासाठीं पहिली पंगत मागून ठेवावी. मात्र त्यापूर्वीं पंचांग उघडावें. सफरींत संकष्टी येत असेल तर पहिली पंगत निरुपयोगी. उपास चंद्रोदयानंतर सुटावयाचा. शिवाय नागपूरच्या पंचांगांतील चंद्रोदयाची वेळ तेथें चालणार नाहीं. मुंबई नागपुराच्या पश्चिमेस सुमारें सहा अंश असल्यामुळें तेथें चंद्र घड्याळांत सुमारें २५ मिनिटें उशिरा दिसतो. एकादशी येत असेल तर साबुदाणा, फळें यांची चौकशी आधींच करावी.

सर्व कुटुंबानें एकाच टेबलाशीं बसून जेवण्याची एक रात्र आधीं राखून ठेवावी. कारण अकरा माणसांचें टेबल आयत्या वेळीं कोठेंच मिळत नाहीं. ही रात्र पहिली नसावी. पहिल्या दिवशीं रेल्वेचा शीण असतो, सामान खोलींत पोंचावयाचें असतें, संकटकाळच्या सूचनांची सक्तीची कवाईत असते, आणि कित्येकांस बोट लागते. किनाऱ्यावर उतरण्याच्या दिवसाचीहि नसावी. लक्षद्वीपांत मोठें जहाज बेटास लागत नाहीं. लहान होड्यांतून ये-जा करावी लागते, आणि समुद्राच्या लहरीपुढें आरक्षणाची चिठ्ठी चालत नाहीं. मधली, सबंध दिवस पाण्यावर जाणारी रात्र त्यास उत्तम. जागा रद्द करावयाची मुदत किती व पैसे परत मिळतात कीं नाहीं, हेंहि त्याच वेळीं विचारून घ्यावें.

बाकी सर्व रात्री मोकळ्या सोडाव्या. ज्यांना बुफेंत हिंडावयाचें त्यांनीं हिंडावें. ज्यांना डेकवर बसून केवळ दहींभात खावयाचा त्यांनीं तो खावा. सर्वांनीं रोज एकत्रच जेवलें पाहिजे असा आग्रह धरण्याचें कारण नाहीं. जरीपटक्याच्या त्या दुकानांत आमच्या चार तुकड्या झाल्या, तरी कोणाचें खाणें बिघडलें नाहीं. मात्र या मोकळ्या रात्रींची चौकशी, रांग व धांवपळ घरांतील तरुणांनीं व पुरुषांनीं आळीपाळीनें करावी. मोकळीक ज्यांस हवी, तिचे श्रमहि त्यांनींच उचलावे.

चैत्राच्या आरंभीं, आपल्या पाडव्याच्या सुमारास, जरीपटक्यांत चेटीचंडाचा उत्सव होतो. झूलेलाल हा जळाचा देव. त्याच्या नांवानें परस्परांस शुभ चिंतितांना सिंधी लोक 'बेडा पार' म्हणतात, म्हणजे तुमची नाव पैलतीरास लागो. त्या दिवशीं गोड भात व सरबत वाटलें जातें आणि तें घेण्यास ओळख लागत नाहीं कीं आमंत्रण. हजारों माणसांचा तो भात पहांटेपासून शिजत असतो, हें मात्र घेणाऱ्यानें विसरूं नये. ज्यांना सागरसफरीस जावयाचें आहे त्यांनीं मुंबईची गाडी धरण्यापूर्वीं एकदां तरी घरच्या मंडळींस घेऊन जरीपटक्यास जावें. सकाळींच जावें, दाल-पकवान संपण्याच्या आंत. आणि कांदा नको असेल तर तें आधीं सांगावें.